भैरी ते वाघजाई

वन्सं,

तुमचं तेरावं होऊन आज नऊ दिवस झाले. पौषातला दुसरा रविवार सुतकातच गेला. आपल्या चालण्याच्या वहीत त्या दिवशी निघायचं लिहिलं होतं, पण मी पहाटे भाकऱ्या थापल्या नाहीत, सुकटाची चटणी वाटली नाही, आणि मोटारीत तुमच्या नाकाशी धरायला लिंबू घेतलं नाही. भिंतीवरचं नव्या सालाचं कॅलेंडर तुमच्या भावानं काढून गुंडाळून फळीवर ठेवलं. त्यावर तुम्ही कोळशानं केलेल्या खुणा आहेत. त्यांना त्या बघवत नाहीत.

मी ही वही उघडली ती त्यांच्या सांगण्यावरून. तेराव्याला चाळीतल्या बायका ओट्यावर बसल्या होत्या. एकीनं म्हटलं, "लालबागेतून पायी निघाली आणि राजापुराजवळ पोचली. गिरणीत नोकरी करून, सुट्टी-सुट्टीला थोडं थोडं चालून. एक पाऊल सोडलं नाही म्हाताऱ्या बाईनं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. तेवढ्यात तुमचे भाऊ म्हणाले, "शिमग्याला गावी जाऊ. देवळात सगळा गाव जमतो. तिथं अक्काच्या चालण्याची वही वाचून दाखवायची. इंदू, तूच वाच. अक्षर तुझं आहे."

मी उठले. आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. गावासमोर उभं राहून वाचायचं ह्या भीतीनं मी गप्प राहिले असं त्यांना वाटलं. ती भीती होतीच. पण त्याहून मोठी गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. तुम्ही होता तेव्हा चार वर्षं सांगितली नाही, ती आता लिहिते आहे.

तुम्हाला आठवतं, हे चालणं सुरू कसं झालं? मामंजी तरुणपणी गावाहून मुंबईला पायी आले होते. पावसाळा होता, बोटी बंद होत्या, आणि गावात थांबून खायला काही नव्हतं. वीस दिवस चालून ते लालबागेत पोचले आणि गिरणीला लागले. तुम्ही त्याच गिरणीच्या वायंडिंग खात्यात पंचवीस वर्षं उभ्या राहिलात. एका दिवाळीला तुम्ही ताट बाजूला सारून म्हणालात, "बापूस चलत इलो. मी चलत जातंय."

"एवढी रजा कोण देणार तुला?" तुमचे भाऊ हसले.

"एकदम कित्याक? रविवारी रविवारी. तुकड्यांनी."

"आणि बरोबर?"

"ही आसा मां. हिका वाचूक येता."

मी गिरगावातल्या वाडीत वाढलेली. लग्न होईपर्यंत कोकण मी पाहिलंसुद्धा नव्हतं. दुकानात जाऊन पावशेर साखर मागायची वेळ आली तर मी शेजारच्या पोराला पाठवायचे. पण चौथीपर्यंत शिकले होते, मैलाचे दगड वाचता येत होते, म्हणून तुमच्याबरोबर माझी नेमणूक झाली. त्या आठवड्यात तुम्ही बाजारातून आपल्या दोघींसाठी टायरच्या तळाच्या वहाणा आणल्यात. पहिल्या रविवारी चाळीच्या पायरीवरूनच निघालो. शीव ओलांडली तेव्हा तुम्ही मागे वळून म्हणालात, "संपली मुंबई. आता पुढे सगळा आपलाच."

नियम तुमचा एकच होता. आज जिथं थांबलो तिथूनच पुढच्या खेपेला सुरुवात. "रस्तो तुटूक नको." थांबल्या जागेचा मैलाचा दगड मी वहीत लिहायचे. तुमची खूण वेगळी होती. जिथं थांबायचं तिथं भेटेल त्या माणसाला तुम्ही विचारायचात, "ह्या गावचो देव कोण?" आणि पुढच्या खेपेला तिथं उतरलो की त्या देवाला गाऱ्हाणं घालायचात. गावी गाऱ्हाणं पुरुष घालतात, बाईनं घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही भर रस्त्यात डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून, खणखणीत आवाजात सुरू करायचात, "बा देवा म्हाराजा, दोन बायलमाणसां तुझ्या हद्दीतसून जातत, तेंका वाट दी, पायात बळ दी, इचूकाट्यापासून राख रे म्हाराजा..." आणि माझ्याकडे बघायचात. पाठीमागच्या सगळ्या गावानं मिळून म्हणायचं ते "व्हय म्हाराजा" मला एकटीला म्हणायचं असायचं. मी ते ओठातल्या ओठात म्हणायचे.

"मोठ्यान म्हण गो."

"देवाला ऐकू येतं, वन्सं."

"देवाक येता. माका येणा नाय." यंत्रांच्या आवाजानं तुमचे कान गेले होते, आणि हे सांगून तुम्हीच खो खो हसायचात.

तो तरीवरचा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. एका खाडीवर पूल नव्हता, तरीनं पलीकडे जायचं होतं. होडीत बसून खाडी ओलांडली तर तेवढा रस्ता चाललो नाही, असं तुमच्या मनानं घेतलं. म्हणून तुम्ही होडीत बसायला तयार नव्हता. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलात. नावाडी ओरडला, "बाई, बसा, सगळ्यांना बुडवाल!" तुम्ही म्हणालात, "तू वल्ही मार. मी चलतंय." मी म्हटलं, हे काही चालणं नव्हे. तुम्ही म्हणालात, पाय हलत होते मां? मग चालणंच. नंतर वर्षभर कुठल्याही कारणावरून आपण त्या होडीशी यायचो. तो वाद मी मुद्दाम उकरून काढायचे, हे तुम्हाला माहीत होतं का? तेवढ्यापुरती मी खरी बाजू धरून बोलते आहे असं मला वाटायचं. त्या पन्नास हात खाडीवरून मी तुमच्याशी भांडत होते, आणि चार मैल माझ्या पोटात होते.

आता ते लिहिते.

पहिलाच हिवाळा होता. आपण पेण मागे टाकून वडखळच्या पुढे गेलो होतो. मुंबईत हरताळ होणार होता, गिरण्या बंद राहणार होत्या. तुमचे भाऊ चिडले होते. "लोक मुंबईसाठी रस्त्यावर उतरलेत, आणि तुम्ही दोघी फिरायला निघालात?" तुम्ही पिशवीत भाकरी बांधत म्हणालात, "आमी पण रस्त्यारच आसंव."

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीशी पोचलो, तेव्हा धरमतरच्या धक्क्यावरून आलेल्या लोकांनी सांगितलं, मुंबईत गोळीबार झाला, माणसं मेली. तुमचे भाऊ मोर्च्यात असणार हे दोघींनाही माहीत होतं. मी म्हटलं, वन्सं, परत जाऊ. तुम्ही लगेच हो म्हणालात. टपरीवाल्याला गावचा देव विचारलात. तो म्हणाला, भैरी. मी दगडाचा आकडा लिहिला. आणि परतीच्या मोटारीची वाट बघत आपण तिथं उभ्या राहिलो. एक तास झाला असेल. तेवढ्यात बाकावरचे पुरुष सुरू झाले.

"मुंबईत गोळ्या चालल्यात, आणि बाया इथं दगड मोजतायत."

"कुठून आलात?"

"लालबागेसून. चलत," तुम्ही म्हणालात.

"चालत? घरातून काढलं का काय तुम्हाला?" टपरीवाला म्हणाला.

सगळे हसले. मी पदर ओढून खाली बघत राहिले. तुम्ही मात्र दोन पावलं पुढे गेलात. "तुझ्या बायलेन तुका अजून काढूक नाय, ह्याच नवल!" मग जे सुरू झालं ते मोटार येईपर्यंत थांबलं नाही. त्याची आई, त्याचं गाव, त्याचा पाण्यासारखा चहा, तुम्ही काही सोडलं नाही. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. सगळे तुमच्याकडे बघत होते आणि मग माझ्याकडे. वन्सं, घरी नवरा जिवंत आहे का नाही ते माहीत नव्हतं, आणि त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटत होतं की ह्या लोकांनी माझ्याकडे बघू नये. ह्याची मला आजही शरम वाटते.

घरी आलो तर तुमचे भाऊ डोक्याला फडकं बांधून खाटेवर बसले होते. दगड लागला होता, दुसरं काही नाही. तुम्ही त्यांना बघून रडलात आणि लगेच शिव्या दिल्यात.

महिन्याभरानं पुढचा तुकडा ठरला. लाँचनं धरमतरला उतरून आपण मोटारीत बसलो. मोटार तुम्हाला लागायची, म्हणून तुम्ही नेहमीसारखे डोळे मिटले, पदर तोंडावर घेतला, नाकाशी लिंबू धरलं. "येळ इली की सांग." मी दगड बघत होते. ती टपरी दिसली. तोच माणूस, तेच बाक. कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं, कारण तिकीट तिथपर्यंतचं होतं. मी त्याच्या हातात आणखी पैसे दिले. बोलले नाही, नुसतं हातानं पुढे दाखवलं. तुमचे डोळे मिटलेले होते. चार दगड गेले. मग मी तुमच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, "वन्सं, आलं."

तुम्ही उतरलात. आजूबाजूला बघितलं. टपरी नव्हती. मी म्हटलं, "टपरी थोडी मागे राहिली, वळणापलीकडे." तुम्ही पिशवी खांद्याला लावलीत. गवताचा भारा घेऊन एक बाई येत होती. गाऱ्हाणं घालायच्या आधी तुम्ही तिला सहज विचारलंत, "बाय, ह्या गावचो देव कोण?"

ती म्हणाली, "वाघजाई."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. एकाच गावाला दोन देव असतात, असं काहीतरी मी मनात जुळवत होते. तुम्ही विचारलं असतंत तर तेच बोलले असते. तुम्ही विचारलं नाहीत. पदर डोक्यावर घेतलात आणि वाघजाईला गाऱ्हाणं घातलंत. त्या दिवशी माझ्या "व्हय म्हाराजा"साठी तुम्ही थांबला नाहीत.

मग चार वर्षं आपण चाललो. नागोठणं, महाड, चिपळूण, संगमेश्वर. चाळीत तुम्ही सांगायचात, "एक पाऊल सुटूक नाय." आधी मी मनात म्हणायचे, वन्संना कळलेलं नाही. पुढे पुढे तुम्ही ते वाक्य कमी म्हणायला लागलात. लोक म्हणायचे, आणि तुम्ही हसून विषय बदलायचात. हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतं आहे.

मार्गशीर्षात वाण्यानं नव्या सालाचं कॅलेंडर दिलं, तेव्हा तुम्हाला खोकला लागला होता. तरी दुपारी जेवणं झाल्यावर तुम्ही ते जमिनीवर पसरलंत आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्यात. वर्षाचं सगळं त्या दिवशी ठरवायचं होतं. आपल्या दोघींच्या नोंदी दोन प्रकारच्या. मी तारखा आणि मैल सांगायचे, तुम्ही देव सांगायचात. राजापुराच्या अलीकडे आपण जाकादेवीच्या गावाशी थांबलो होतो. तिथून पुढे महाशिवरात्रीला जोडून दोन दिवस, शिमग्याला तीन, पाडव्याला दोन, वैशाखात रजा काढून शेवटचा तुकडा, गावच्या रवळनाथापर्यंत. कुठल्या गावात कोणाची मावशी आहे, कुठल्या देवळात झोपायला देतात, चढ सकाळी घ्यायचा की उन्हं उतरल्यावर, हे सगळं तुम्ही बोटावर सांगत होता, आणि मी लिहीत होते. तुमच्या डोळ्यांत चमक होती. वैशाखाच्या त्या चौकटीवर कोळसा इतका दाबलात की कागद फाटला.

मग तुम्ही म्हणालात, "त्याच्या आदी एक लिव. पौषातलो दुसरो रविवार."

"पौषात? जाकादेवीपासून?"

"नाय. भैरी ते वाघजाई."

माझा हात तिथंच थांबला. तुम्ही कॅलेंडराकडेच बघत होता. कोळशानं त्या रविवारावर खूण केलीत आणि बोटं पदराला पुसलीत. "थोडोच आसा. सकाळी जावन संध्याकाळी परत येवया."

तुम्ही मला दार उघडून दिलं होतं, वन्सं. एवढंच म्हणायचं होतं, "वन्सं, मी चुकले." तुम्ही चार शिव्या घातल्या असत्यात आणि मग हसला असतात. मला ठाऊक आहे तुम्ही हसला असतात. मी खाली मान घालून लिहिलं: भैरी ते वाघजाई, चार मैल. आणि विचारलं, "चहा टाकू?"

तुम्ही म्हणालात, "टाक."

पंधरा दिवसांत तुम्ही इस्पितळात होता. श्वास घेताना तुमच्या छातीतून कापडाच्या गाठी ओढल्यासारखा आवाज यायचा. सातव्या दिवशी तुमचे भाऊ औषध आणायला खाली गेले होते. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "पयला ता करूया हां." मी म्हटलं, "हो, वन्सं. आधी बऱ्या व्हा." दुसऱ्यांदा दार उघडलंत, आणि दुसऱ्यांदा मी तेच केलं. त्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

कालच्या रविवारी मी तिथं गेले. एकटी. घरी सांगितलं, माहेरी जाते. हेही खोटंच. धक्क्यावर तिकीट मागितलं, मोटारीत कंडक्टरला जागा सांगितली, दोन्ही वेळा मोठ्यानं. भैरीच्या गावाशी उतरले. टपरी आहे. तो माणूस आता म्हातारा दिसतो. त्यानं मला ओळखलं नाही, मग जरा वेळानं ओळखलं.

"त्या दुसऱ्या बाई कुठायत? भांडणाऱ्या?"

"वारल्या."

त्यानं एक कप विसळून ठेवला. मग म्हणाला, "बरोबर बोलल्या होत्या त्या. चहा पाण्यासारखाच होता तेव्हा." हसायला हवं होतं, पण आम्हा दोघांनाही हसू आलं नाही. एवढ्याशा माणसाला मी चार वर्षं घाबरले.

आणि मी चालले. रस्ता सरळ आहे, वन्सं. एका बाजूला शेतं, कापणी होऊन मोकळी पडलेली, दुसरीकडे खाऱ्या पाण्याचं खाजण. एक मोरी आहे, दोन आंब्याची झाडं आहेत, एक वळण आहे. बघण्यासारखं काही नाही. दीड तास लागला. वाघजाईच्या गावाशी पोचले तेव्हा मनात होतं की पोटातलं ओझं उतरेल. उतरलं नाही. ते चार मैल मी चालले, म्हणजे ते माझे झाले. तुमचे झाले नाहीत. तुमचे पाय तिथं पडलेले नाहीत आणि आता पडणार नाहीत. तुमच्या बदली मी चालून तुमचा रस्ता जोडला असं कोणी म्हटलं, तर ते होडीतल्या चालण्याहून खोटं.

तुमचे भाऊ म्हणतात, मुंबई आता आपल्याला मिळणार, नक्की झालं. चाळीत त्याचीच बोलणी चालू आहेत. ते बोलता बोलता थांबतात आणि तुमच्या जागेकडे बघतात. मग वहीचा विषय काढतात. कालही काढला. "गावात सांगायचं, एक पाऊल सोडलं नाही अक्कानं. कोणाची बहीण आहे अशी?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांचं ते समाधान मी मोडणार आहे. रात्रभर विचार केला, नाही मोडलं तर काय होईल. काही होणार नाही. गाव टाळ्या वाजवील, तुमचं नाव होईल, आणि माझी लबाडी तुमच्या नावाखाली देवळात कायमची बसेल. तुम्ही आयुष्यभर न केलेलं काम कधी आपल्या नावावर घेतलं नाही. मी ते तुमच्या माथी मारू?

म्हणून आज सकाळी त्यांना सांगितलं, मी वाचीन. ते खूश झाले. काय वाचणार ते त्यांना गावी जायच्या आधी सांगीन, देवळात पहिल्यांदा ऐकावं असं होऊ देणार नाही. रागावतील. रागावू देत.

पौषातल्या त्या रविवारचं पान मी उघडून ठेवलं आहे. मूळचं अक्षर खोडलं नाही. त्याच्या खाली लिहिलं आहे, आणि घरात कोणी नसताना दोनदा मोठ्यानं वाचून बघितलं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा शेजारच्या बाईनं भिंतीपलीकडून विचारलं, काय गं, कोणाशी बोलतेस, इतका फुटला. असं लिहिलं आहे:

भैरी ते वाघजाई, चार मैल. हे वन्सं चालल्या नाहीत. त्यांना चालायचं होतं. मी चालू दिलं नाही.